बसतंय की!

पितळेचा एक तुकडा आहे. एका टोकाला रबरी नळी चढवायची कंगोरेदार शेपटी, दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारा षट्कोनी नट, नटाच्या पोटात शंकूसारखं काहीतरी, आणि अंगावर अर्धवट झिजलेला एक इंग्रजी आकडा, जो तीन, सहा किंवा आठ यांपैकी कुठलाही असू शकतो. तो कुठल्या यंत्राचा, कोणी बनवला, आधी त्यातून पाणी वाहत होतं की तेल की वारा, हे कोणालाच ठाऊक नाही. असे तुकडे कोणी विकत आणत नाही; ते शेतावरच्या इंजिनाच्या खोलीत, गॅरेजच्या फळीवर आणि निवृत्त गृहस्थांच्या माळ्यावरच्या डब्यात आपोआप जमतात. मग केव्हातरी पेट्रोलची किंवा डिझेलची लाइन गळायला लागते, डबा खाली येतो, तुकडा लावून पाहिला जातो आणि जमलेल्या मंडळींपैकी एकजण विजयी स्वरात म्हणतो, "बसतंय की!" तिथे चौकशी संपते. माझं म्हणणं एवढंच, की ती तिथे सुरू व्हायला हवी. इंधनाच्या लाइनवर अनोळखी तुकडा पहिल्याच झटक्यात बसला, तर त्याला प्रशस्तिपत्र देऊ नये, त्याच्यावर संशय घ्यावा. जो बसत नाही तो फार तर बाजारात एक खेप जास्तीची घालायला लावतो. गाडी पेटवायची क्षमता बसणाऱ्याकडेच असते.

आधी ओळखीचं पाहू. तुकडा हार्डवेअरच्या दुकानात नेला, तर काउंटरमागचा माणूस तो हातातही न घेता सांगतो, "चार सुती." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा चार सूत म्हणजे अर्धा इंच. इतका आत्मविश्वास असलेल्या माणसाला सहसा पुन्हा विचारू नये, पण व्हर्नियर लावून पाहायला हरकत नाही. ब्रिटिश पद्धतीच्या अर्धा इंची पाइपच्या आट्यांचा बाहेरचा व्यास भरतो २०.९५५ मिलिमीटर. अर्धा इंच म्हणजे १२.७. मग अर्धा इंच गेला कुठे? तो जुन्या लोखंडी पाइपच्या भोकात होता. पुढे पाइपची भिंत पातळ झाली, भोक मोठं झालं. पण बाहेरचं माप बदललं असतं तर आधी बसवलेल्या सगळ्या नळकामाशी वैर आलं असतं, म्हणून आटे तसेच राहिले आणि नावही. आज त्या वस्तूत शोधूनही अर्धा इंच सापडत नाही, आणि तरीही दुकानदार बरोबर असतो. अमेरिकन होजवाले वेगळा हिशेब धरतात. ते नळीचं माप इंचाच्या सोळाव्या भागांत, म्हणजे अर्ध्या सुतांत मोजतात. त्यांचा आठ नंबर म्हणजे आठ अर्धी सुतं, म्हणजे पुन्हा चार सूत, पुन्हा अर्धा इंच; पण त्याच्या नटाचे आटे पाऊण इंची, १९.०५ मिलिमीटरचे, इंचाला सोळा. तेव्हा अर्धा इंची म्हणवणाऱ्या दोन वस्तू एकमेकींना बसत नाहीत, आणि ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही अशा दोन वस्तू बिनदिक्कत बसतात. अंगावरचा तो झिजलेला आकडा आठ असेल तर निदान काही धागा तरी लागतो. तो ओतकाम करणाऱ्याच्या साच्याचा नंबर असेल तर तोही नाही.

या गोंधळाची सुरुवात मात्र फार सभ्य होती. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकारानं सुचवलं, की प्रत्येक कारखान्यानं आपापले आटे पाडण्यापेक्षा सगळ्यांनी एकच पद्धत धरावी. आट्याचा कोन त्यानं ५५ अंश ठरवला. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सनंही सगळ्यांनी एकच पद्धत धरावी असं तितक्याच कळकळीनं सुचवलं आणि कोन ६० अंश ठरवला. दुसऱ्या महायुद्धात एकाच बाजूनं लढणाऱ्या देशांचे नट-बोल्ट एकमेकांना बसेनात, तेव्हा १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी नट-बोल्टांपुरता तह केला. पाइपचे आटे आपापल्या देशात होते तसेच राहिले. त्यामुळे आजही अर्धा इंची ब्रिटिश पाइप आणि अर्धा इंची अमेरिकन पाइप या दोघांनाही इंचाला १४ आटे असतात, दोघांचा निमुळतेपणाही सोळास एक असाच, पण दोन आट्यांमधल्या दरीचा कोन पाच अंशांनी वेगळा. एकात दुसरा घातला की छान फिरतो, तीन-चार फेऱ्यांनी घट्ट होतो, आणि घट्ट झाला म्हणजे बंद झाला असं मानून पाना खाली ठेवला जातो. आत आट्यांच्या कडेकडेनं जाणारी गोल वाट मोकळीच असते. पाव इंचीला ब्रिटिश आटे १९ आणि अमेरिकन १८. हा फरक तरी बोटांना कळावा, पण पहिल्या चार फेऱ्यांत तो जमा होतो जेमतेम ०.३ मिलिमीटर, आणि तेवढं पितळ पोटात घालतं. पितळेचा स्वभावच सोसण्याचा. पोलाद निदान अडून बसतं, कुरकुरतं, पाना सरकवतं. पितळ निमूटपणे वाकडं होतं आणि आपल्याला वाटतं जमलं.

आपल्याकडे अशा तुकड्यांची एवढी रेलचेल का, याला आपला शेजार जबाबदार आहे. पाण्याचे पाइप इंग्रजांनी घालून दिले, ते आजतागायत इंचात आहेत. जीप अमेरिकेतून आली, अ‍ॅम्बेसेडरचे पूर्वज इंग्लंडातले मॉरिस, कुर्ल्याला बनलेली पद्मिनी मुळात इटलीची फियाट. १९५६ मध्ये कायदा करून देशानं मेट्रिक पद्धत स्वीकारली, तरी प्लंबरनं ती अजून स्वीकारलेली नाही. त्यानंतर खोदकामाची जपानी यंत्रं आली, जर्मन हायड्रॉलिक्स आलं, आणि प्रत्येकानं आपल्या आट्यांचं एक घराणं इथे वसवलं. यंत्र भंगारात निघतं तेव्हा पत्रा वजनावर जातो, पण फिटिंगं सुटी होऊन पुण्याच्या जुन्या बाजारात चादरीवर मांडली जातात; तिथे घराण्याचं नाव कोणी विचारत नाही. त्यावर कडी म्हणजे आपले लेथवाले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका बाजूला ब्रिटिश आणि दुसऱ्या बाजूला मेट्रिक आटे असलेला तुकडा सांगितला, तर कारागीर त्यात काही विशेष आहे असं मानत नाही. चहा येईपर्यंत तुकडा तयार होतो. हे कौशल्य खरंच वाखाणण्यासारखं आहे. पण अशा तुकड्याची नोंद जगातल्या कुठल्याही तक्त्यात सापडत नाही. तो बनवताना काय हेतू होता हे फक्त दोघांना ठाऊक असतं, आणि दहा वर्षांनी त्या दोघांनाही आठवत नाही.

समजा, चिकाटीनं आपण आटे मोजले आणि ते पाऊण इंची, इंचाला सोळा असे निघाले. आता ओळख पटली असं वाटण्याचा हाच क्षण असतो आणि नेमका हाच फसवा असतो. कारण या प्रकारच्या जोडात आटे गळती थांबवतच नाहीत. ते फक्त दोन तुकड्यांना एकमेकांकडे ओढतात. गळती थांबते ती आतल्या शंकूवर, जिथे धातू धातूला गोल कड्यासारखा चिकटतो. पाऊण इंची, सोळा आट्यांचा नट दोन वेगळ्या घराण्यांत चालतो. एकात शंकूचा उतार ३७ अंशांचा. तो विमानांत आणि हायड्रॉलिक लाइनवर वापरतात. दुसऱ्यात ४५ अंशांचा. तो स्प्लिट एसीच्या तांब्याच्या नळ्यांवर भेटतो. एसीचा नट जेसीबीच्या जोडावर शेवटच्या आट्यापर्यंत सुरेख चढतो. आत मात्र ४५चा शंकू ३७च्या शंकूला फक्त एका रेघेवर टेकलेला असतो, म्हणजे एसटीच्या तीन माणसांच्या बाकावर चौथ्यानं कडेला टेकवावं तसा. तिकीटही आहे, जागाही आहे, पण पहिल्या ब्रेकला काय होणार हे बाकीच्या तिघांना आधीच दिसत असतं. जोड नवा असताना, इंजिन थंड असताना आणि सगळे वाकून बघत असताना तो थेंबही गाळत नाही. गाडी अर्धा तास थरथरली की गाळतो, आणि तेव्हा बघायला कोणी नसतं.

इथे पहिला आक्षेप येतो, तोही चारी बाजूंनी एकदम: टेप मारा की! टेफ्लॉन टेपवर आपल्या लोकांची जी श्रद्धा आहे ती आधी सुतळी-सफेद्यावर होती, म्हणजे श्रद्धा जुनी, दैवत तेवढं नवं. निमुळत्या पाइपच्या आट्यांना काहीतरी भराव लागतोच, हे मान्य. तिथे टेपचं किंवा लेपाचं काम आहे, आणि तो लेप पेट्रोलला टिकणारा असावा एवढंच पाहायचं. पण शंकूच्या जोडात आट्यांवर टेप गुंडाळणं म्हणजे जिथून गळत नाही तिथे बंदोबस्त ठेवणं. इंधन शंकूतून निसटतं, आट्यांत येतं, टेपपाशी काही काळ थबकतं आणि वाट काढतं. शिवाय टेपचे पांढरे धागे आट्यांच्या टोकाकडून सुटून आत जातात. पाण्याच्या नळात ते गेले तर बादलीत दिसतात. इंधनाच्या लाइनमध्ये गेले तर ते कार्ब्युरेटरच्या मिलिमीटरभराच्या जेटमध्ये जाऊन बसतात, आणि मग गाडी का झटके खाते याचा शोध प्लगपासून सुरू होऊन शेवटी पेट्रोलपंपवाल्याच्या प्रामाणिकपणावर येऊन ठेपतो.

आणि हे सगळं झालं फक्त आकाराचं. त्यातून काय वाहणार आहे हा प्रश्न तर अजून विचारलेलाच नाही. आपल्याकडे जोड तपासण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे पाणी सोडून बघणं. पाणी हा फार समजूतदार द्रव आहे. त्याचा पृष्ठताण पेट्रोलच्या सुमारे तिप्पट, त्यामुळे बारीक फटीपाशी ते थेंब धरून थांबतं. पेट्रोल तिथून आमंत्रण असल्यासारखं जातं. शिवाय पाणी ज्या रबराला काही करत नाही त्याचं पेट्रोल भरीत करू शकतं. गाडीच्या रेडिएटरची काळी नळी साधारण ईपीडीएम नावाच्या रबराची असते. उकळत्या पाण्यात ती वर्षानुवर्षं टिकते, आणि म्हणून पाहणाऱ्याला वाटतं की जी उकळतं पाणी सोसते तिला थंड पेट्रोलचं काय! पेट्रोलमध्ये तीच नळी फुगते, मऊ पडते आणि क्लिपच्या कचाट्यातून हळूच बाहेर येते. पेट्रोलला नायट्राइल रबर चालतं, इंजेक्शनच्या गाड्यांना आतून फ्लुओरो-रबराचं अस्तर असलेली नळी लागते. म्हणून इंधनाच्या नळीवर एसएई जे३० आर७ किंवा आर९ असं छापलेलं असतं. आर७ कमी दाबाला, आर९ इंजेक्शनला. काळ्या रंगावरून यातलं काहीही कळत नाही, कारण सगळ्याच नळ्या काळ्या. पारदर्शक प्लास्टिकची नळी तर पेट्रोल वाहताना दिसतं एवढ्याच गुणावर निवडली जाते. तिला मऊ ठेवणारं द्रव्य पेट्रोल धुऊन नेतं आणि काही दिवसांत ती कडक काठी होते. स्वयंपाकघरातली नारिंगी सुरक्षा नळीही या कामाला पुढे केली जाते, कारण तिच्या नावातच सुरक्षा आहे. ती गॅससाठी आहे आणि तिथेही पाच वर्षांनी बदलायची असते, ही गोष्ट वेगळी आणि बहुतेक स्वयंपाकघरांना ती नवी.

त्यात २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल पोहोचलं. म्हणजे कोल्हापूर-सांगलीच्या उसाचा अंश आता थेट आपल्या जेटपर्यंत येतो, हे अभिमानाचं खरं. पण निव्वळ पेट्रोलमध्ये वीस वर्षं तगलेल्या जुन्या नळ्यांना आणि वॉशरांना ही सोयरीक मानवेलच असं नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, काही रबरांना फुगवतं, आणि जुन्या टाकीतला साचलेला गाळ मोकळा करून पुढे पाठवतं. डिझेलचे नखरे निराळे. त्याला जस्त आवडत नाही; गॅल्व्हनाइज्ड पाइपच्या आतल्या जस्ताशी डिझेलमधली आम्लं संधान बांधतात आणि त्यातून होणारा साबणासारखा चिकट पदार्थ फिल्टर चोंदवतो. म्हणजे पाण्यासाठी जो पाइप चांगला म्हणून जास्त पैसे देऊन आणला, तोच डिझेलला वर्ज्य. शिवाय डिझेलच्या टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीवर असते. तिथला जोड सैल असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. जोड कोरडा ठणठणीत, जमिनीवर डाग नाही, सगळं उत्तम. फक्त इंजिन हवा धरतं आणि पाण्याची पाळी असलेल्या रात्रीच बंद पडतं. मग हातपंप मारून एअर काढायची, चालू करायचं, पुन्हा बंद. दोष पंपाला दिला जातो, कारण पंप महाग असतो आणि महाग वस्तू बिघडली की बिघाडाला वजन येतं.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. "आमच्याकडे बारा वर्षं असंच चाललंय, काही झालं नाही." या युक्तिवादात एक अडचण अशी, की ज्यांच्याकडे काही झालं ते हा युक्तिवाद करायला येत नाहीत. आणि नळी रोज थोडी थोडी मुरत असते. बारा वर्षं हा तिच्या बाजूचा पुरावा जसा आहे तसाच तेराव्या वर्षाविरुद्धचाही आहे. अधिक वजनदार आक्षेप मेस्त्रींच्या वतीनं घेता येतो: व्हर्नियर आणि कोन मोजत बसलं तर गाड्या रस्त्यावर यायच्या कधी? चांगल्या मेस्त्रीचे हात हेच त्याचं मोजमाप. हे बरंचसं खरं आहे. तांब्याचा वॉशर लालभडक तापवून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो आणि दुसऱ्यांदा वापरता येतो, हे त्याला धातुशास्त्राच्या पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. नट दोन फेऱ्यांनंतर अडखळला तर पाना न लावता तो उलटा फिरवतो, आणि तेवढ्यानं निम्मे घोटाळे टळतात. हाताला आटे कळतात, क्वचित शंकूही कळतो. पण हाताला रबराची जात कळत नाही. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत लाइनचा दाब तीन बारच्या घरात असतो आणि जुन्या स्कूटरच्या कॉकखाली तो नुसत्या टाकीच्या उंचीइतका, हे नळी दाबून पाहणाऱ्या अंगठ्याला समजायचं कारण नाही. शिवाय हा जो चांगला मेस्त्री आक्षेपात नेहमी पुढे केला जातो, तो त्या दिवशी गावाला गेलेला असतो आणि काम त्याचा हेल्पर करत असतो.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर जड आहे. तो असा, की सगळा घोळ वेगवेगळ्या मापांचा आहे. जगानं एकच माप ठरवावं, सगळं सगळ्याला बसावं, म्हणजे ओळखायचीच गरज नाही. याच्या बाजूनं इतिहासातला अत्यंत दाहक पुरावा देता येतो. ७ फेब्रुवारी १९०४ च्या रविवारी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इथले बंब मदतीला धावले, काही तर आगगाडीवर चढवून आणले. आल्यावर कळलं, की त्यांच्या नळ्यांचे जोड बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसत नाहीत. पाणी आहे, नळ्या आहेत, माणसं आहेत, आग तर आहेच. फक्त आटे जुळत नाहीत. आग सुमारे ३० तास चालली आणि दीड हजारांवर इमारती गेल्या. नंतर मोजदाद केली तेव्हा देशात बंबांच्या जोडांचे सहाशेंहून अधिक प्रकार निघाले. पुढच्याच वर्षी अडीच इंची जोडाला इंचाला साडेसात आटे असं प्रमाण ठरवलं गेलं. इतकं होऊनही १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला तेव्हा बाहेरून आलेल्या बंबांना तिथले हायड्रंट तीन इंची असल्याचं आढळलं. हे वाचल्यावर न बसणाऱ्या फिटिंगचं कौतुक करणाऱ्यानं गप्प बसावं, असं कोणालाही वाटेल. बसण्यावर संशय घ्या म्हणणाऱ्याला बाल्टिमोरनं दिलेलं हे उत्तर आहे.

पण बाल्टिमोरमध्ये नळीतून जायचं होतं पाणी. पाण्याचा धोका ते न पोहोचण्यात आहे. चुकीच्या ठिकाणी पोहोचलं तर फार तर कोणाचं तरी अंथरूण भिजतं. इंधनाचा धोका बरोबर उलटा. ते न पोहोचलं तर गाडी उभी राहते आणि शब्द चार खर्च होतात. नको तिथे पोहोचलं तर बंब बोलवावा लागतो. म्हणून पाण्याचे जोड सगळीकडे बसावेत यासाठी माणसानं जेवढी धडपड केली, तेवढीच इंधनाचे जोड सगळीकडे बसू नयेत यासाठीही केली आहे, फक्त ती आपल्या डोळ्यांत भरत नाही. वेल्डिंगच्या सेटवर ऑक्सिजनचे आटे सुलटे आणि अ‍ॅसिटिलीनचे उलटे असतात, नटाच्या कोपऱ्यांवर खाचा पाडलेल्या असतात, म्हणजे अंधारात, घाईत, हेल्परच्याही हातून अदलाबदल होऊ नये. विमानतळावर जेट इंधनाच्या नोझलला मुद्दाम रुंद चपटी चोच देतात, कारण छोट्या पिस्टन विमानात ते इंधन गेलं तर इंजिन हवेत बंद पडेल. तिथे न बसणं हाच त्या नोझलचा सर्वांत मोठा गुण. १९७४ मध्ये अमेरिकेत शिसंविरहित पेट्रोल आलं, तेव्हा त्याचं नोझल बारीक ठेवलं आणि नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंडही तेवढंच बारीक केलं, म्हणजे शिशाचं पेट्रोल देणारं जाड नोझल आत जाणारच नाही आणि धूर शुद्ध करणारं यंत्र वाचेल. मग काय झालं? शिशाचं पेट्रोल थोडं स्वस्त होतं. लोकांनी टाकीच्या तोंडातली ती अडकण ठोकून काढली, काहींनी नरसाळी वापरली. तेव्हा जुगाड ही आपलीच मिरास आहे हा समज सोडून द्यायला हरकत नाही. आपल्या पंपांवरही पेट्रोलचं नोझल बारीक आणि डिझेलचं जाड असतं, पण बारीक वस्तू मोठ्या तोंडात सहज जात असल्यानं डिझेल गाडीत पेट्रोल भरण्याचा मार्ग प्रशस्त आहे, आणि लोक त्यावरून जातातही.

हे एकदा ध्यानात घेतलं की अडॅप्टर नावाच्या वस्तूकडे बघण्याची नजर बदलते. मुंबईत नागदेवीला कुठलाही जोड कुठल्याही जोडाला बसवणारा अडॅप्टर मिळतो. मिळाला नाही तर उद्यमनगर आहेच. पाण्याच्या आणि हवेच्या कामात ही मोठी सोय. इंधनाच्या लाइनवर मात्र प्रत्येक अडॅप्टर एक पहारेकरी कमी करतो. कोकणातल्या होडीच्या आउटबोर्ड इंजिनाला टाकीची नळी जोडायचे चापाचे जोड प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. त्यात कंपनीचा सुटे भाग विकण्याचा स्वार्थ आहे, हे लपवण्यात अर्थ नाही, आणि दर्यात असताना तो जोड तुटला की शिव्या अगदी योग्य ठिकाणी जातात. पण मग त्याऐवजी कुठलीशी शेपटी ठोकून, नळी ताणून, वर तारेचा वेढा देऊन जो जोड होतो तो इंजिनाच्या शेजारी असतो आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती होडीच्या तळाशी साचते. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट पकडू शकेल इतकी वाफ देणारा हा द्रव आहे. आपला मे महिना त्याच्या दृष्टीनं कल्पनेपलीकडचा. तारेच्या जागी निदान क्लिप हवी. स्क्रूची ती क्लिप लम्ली रॉबिन्सन नावाच्या इंग्रज नौदल अधिकाऱ्यानं काढली आणि १९२१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तीही जोर लावून आवळली तर नळी कापते, आणि जोर लावणं ही आपल्याकडे कामाविषयी आस्था दाखवण्याची रीत आहे.

आता तो तुकडा. आटे मोजले, शंकूचा कोन पट्टीनं ताडला, तो ३७ निघाला, समोरचाही ३७ आहे, धातू पितळच आहे आणि वर मुलामा नाही, नळीवर आर७ छापलंय, लाइन कमी दाबाची, टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलची आहे: एवढं सगळं खरोखर जुळलं तर खुशाल लावावा, इंजिन चालू करून अर्धा तास गरम होऊ द्यावं आणि कोरडी फडकी फिरवून पाहावी. यातलं एकही उत्तर "असेल बहुतेक" असं आलं, तर नवा घ्यावा. घासाघीस न करताही तो एका टाकी पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडतो. मग जुन्याचं काय करायचं, हा शेवटचा आक्षेप, आणि खरं तर सगळ्यांच्या मनातला पहिला, कारण पितळ फेकून द्यायची आपल्याला सवय नाही. बागेच्या नळाला लावावा. तिथे तो बसला एवढं पुरतं. गळलाच तर खाली आळू लावता येईल. पिण्याच्या पाण्याला मात्र नको. पितळेची शेपटी फवारणीच्या पंपालाही असते.